तेहतिसावी खाट

दुपारचा दीड वाजला होता. ऊन खणखणीत, पोट भरलेलं, भुतंखेतं आठवायची ती वेळच नव्हे. इस्पितळाच्या तळघरात, माझ्या संगणकासमोर, मी डुलक्या घेत होतो. तेवढ्यात वरून ताईचा निरोप आला: बाळ्याला म्हणावं, माझी सुई अडलीय. मी पन्नाशीला टेकलोय, पोट सुटलंय, पण ताईच्या लेखी अजून बाळ्याच.

ताई माझी थोरली बहीण. आदल्या दिवशी तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. बायकांच्या वॉर्डात पलंग बत्तीस, तेही भरलेले, म्हणून मी हातापाया पडून व्हरांड्यात तेहतिसावी खाट टाकून घेतली होती. दोनची सुई चुकली तर जखम पिकेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि सिस्टर म्हणत होत्या की यादीत नाव नाही, मी देणार नाही. त्यांचंही बरोबर होतं. वॉर्डात यादी सांगेल ते खरं.

ती यादी मीच काढायचो. संगणकात पेशंटांचं भलंमोठं टेबल असतं, एका माणसाची एक ओळ. त्याला लिहून विचारायचा प्रश्न म्हणजे क्वेरी. क्वेरीच्या शेवटी लिमिट घालायचं, म्हणजे एवढ्याच ओळी दे, बाकीच्या राहू देत तुझ्यापाशी. आमची क्वेरी माझ्या आधीच्या माणसानं, मास्तरांनी लिहिलेली. वॉर्डात आहेत त्या सगळ्या, पलंगाच्या क्रमानं, लिमिट बत्तीस. शेजारी शेरा: ‘लिमिट काढू नये.’ निवृत्त होताना त्यांना कारण विचारलं, तर म्हणाले, मशीन म्हातारं आहे, दमतं.

ताई त्या बत्तिसांत बसत नव्हती, एवढीच भानगड. शहाण्यानं बत्तीसचे तेहतीस केले असते. मी पडलो आळशी. उद्या आणखी खाट आली की पुन्हा कोण खटाटोप करणार, म्हणून लिमिटच उडवलं आणि बटण दाबलं.

तेहतिसावी ओळ ताईची आली. मी खूश.

मग चौतिसावी आली.

पलंगाचा रकाना रिकामा. भरतीची तारीख मी शाळेत पाढे घोकत होतो तेव्हाची. त्या काळी या इमारतीत संगणक काय, टाइपरायटरही धड नव्हता. घरी गेल्याची तारीख कोरी. वारल्याची तारीखही कोरी. आणि पुढे स्वच्छ लिहिलेलं: ‘वॉर्डात आहे.’

पस्तीस... छत्तीस... ओळी भराभर येत नव्हत्या. एक यायची, जरा थांबायची, मग दुसरी. जिना चढून दमलेल्या माणसासारखी. पंखा चालू होता, तरी तळघरात बंद पेटीतल्या कपड्यांचा वास दाटला. साठाच्या पुढे गेल्यावर मात्र माझा धीर सुटला. मी सगळं पुसलं आणि घाईघाईनं क्वेरी नव्यानं लिहिली. लिमिट तेहतीस. यादी वर वॉर्डात आपोआप छापली गेली.

पाच मिनिटांनी मी फोन केला.

सिस्टर म्हणाल्या, “यादी मिळाली, भाऊ. तेहतीस नावं, तेहतीस बायका. जुळलं.”

“ताईला सुई दिलीत ना?”

“कोण ताई?”

त्या थट्टा करणाऱ्यांतल्या नव्हेत. मी जिने कसे चढलो ते मलाच ठाऊक नाही. वॉर्डाच्या दारात आलो आणि तोच वास नाकात शिरला. निम्म्याहून जास्त तोंडं अनोळखी. अंगात निळ्या पट्ट्यांचे जाडे झगे, इस्पितळानं केव्हाच बंद केलेले. एरवी त्या वॉर्डात कुणी कण्हतंय, कुणी सुनेच्या नावानं बोटं मोडतंय. आज चिडीचूप. सगळ्या दाराकडे बघत होत्या... माझ्याकडे.

व्हरांड्यातल्या खाटेवर ताई नव्हती. एक किडकिडीत बाई उजव्या कुशीवर हात दाबून बसली होती आणि सिस्टर तिच्या दंडातून सुई काढत होत्या. बाई मला हळूच म्हणाली, “तुम्हीच बोलावलंत ना?”

खाली येऊन मी मास्तरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, “क्रम लिहिलास?”

मी पडद्याकडे बघितलं. घाईत मी क्रमाची ओळच गाळली होती. लिमिट आहे आणि क्रम नाही, तर मशीन हाताला लागतील त्या ओळी देतं. आमच्या धंद्यात हे पहिल्या आठवड्यात शिकवतात.

“मास्तर, ताई कुठाय?”

“त्या बायका होत्या तिथं. जागा मोजक्याच असतात, लेका. आत जितक्या आल्या तितक्या बाहेर गेल्या. क्रम लाव... आधी क्रम लाव.”

मी लावला. पलंगाच्या क्रमानं, लिमिट तेहतीस. शेवटच्या ओळीत ताईचं नाव दिसलं आणि मी टेबलावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडलो. वर गेलो तर वॉर्डात नेहमीचा गलबला. ताई खाटेवर पडून पाणी मागत होती. सिस्टरना काहीच आठवत नव्हतं. मीही विषय काढला नाही.

सहाव्या दिवशी टाके काढायचे होते. मी खाटेशी उभा. सिस्टरनी पट्टी सोडली आणि त्यांचा हात थबकला. टाके नव्हतेच. होता तो वीतभर लांब, जुनाट, पांढरा पडलेला व्रण. वर्षानुवर्षांपूर्वी भरून आलेला.

सिस्टर डॉक्टरांना बोलवायला धावल्या. ताईनं शांतपणे झगा खाली ओढला, मला खुणेनं जवळ बोलावलं आणि कानाशी लागून विचारलं,

“बाकीच्यांना कधी बोलावताय?”