तीनशे सातचा हौद

मला शिवणाचं मशीन हवं होतं, आणि आप्पा घरी घेऊन आले इंजिन! आता बोला.

त्याचं असं झालं. कँपातला कुणी गोरा साहेब विलायतेला परत निघाला, की त्याच्या बंगल्याच्या आवारात सामानाचा लिलाव व्हायचा. चौतीस सालचा श्रावण, झिमझिम चाललेली. आमचे आप्पा म्हणजे मारुतीराव मास्तर, हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. त्यांना मी हाताला धरून तिकडं नेलं, कारण मशीन मी आधीच हेरून ठेवलं होतं. पण आप्पा मध्येच थबकले. दोन बाकांवर, मध्ये फट ठेवून, अडीच हात लांबीचं एक लोखंडी धूड मांडलेलं होतं. सगळीकडं गंज, त्यावर कुणीतरी फासलेला हिरवा रंग. आणि बाकांखालून माणसाचे दोन पाय बाहेर आलेले!

"अगंबाई! कोण आहे?" मी विचारलं.

"थांबा जरा... पोट बघतोय," खालून आवाज आला.

"कुणाचं?"

"इंजिनाचं! दुसऱ्या कुणाचं असं वाकून बघू?"

पाय सरकले, खांदे आले, मग चेहरा. केसांत गवत, नाकावर काजळी. मला बघून तो घाईनं उठायला गेला आणि बाकाच्या कडेवर ताडकन डोकं आपटलं. मी हसले. हसायला नको होतं, पण हसले. डोकं चोळत तो माझ्याकडं बघतच राहिला... मग एकदम मान वळवून आप्पांना म्हणाला, "अण्णा, ह्ये खेळणं न्हाय बरं का. आत तांब्याचा बॉयलर हाय. नीट केलं तर वाफेवर चालंल."

"चालेल?" आप्पांनी चष्मा सारखा केला. झालं! माझं मशीन गेलं ते तिथंच.

त्याचं नाव रवळू. खानापूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, लोंढ्याच्या इंजिनशेडात फिटर. साहेबाकडं वाफेचं इंजिन आहे असं ऐकून सुट्टीच्या दिवशी 'नुसतं बघायला आलतो' म्हणाला. आप्पांनी त्याला तिथंच आवतण दिलं, आणि दर रविवारी सकाळच्या गाडीनं तो बेळगावला यायला लागला.

आई गेल्यापासून घर सांभाळायची अक्काताईआत्या. निपाणीला दिलेली, तपकिरीची भोक्ती. इंजिन मागच्या ओसरीवर चढताना बघून ती म्हणाली, "आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! ह्या घरात एक शहाणा कमी होता का रं मारुती, म्हणून दुसरा आणलास?"

पहिले दोन रविवार नुसता रंग खरवडण्यात गेले. धुण्याचा सोडा, रॉकेल आणि आत्याच्या बरणीतली चिंच. हिरव्याखाली काळा निघाला, काळ्याखाली लाल. डाव्या कुशीवर पत्र्याचं एक वेडंवाकडं ठिगळ निघालं. आप्पा म्हणाले, "हे काढून टाकू, विद्रूप दिसतंय."

रवळूनं ठिगळावरून बोट फिरवलं, आणि मग पुन्हा एकदा फिरवलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"हिला मी वळखतो," तो हळूच म्हणाला. "ही आमच्या शेडातल्या मोठ्या तीनशे सातची नक्कल हाय. घाटात दगड लागलेला तिला. ते ठिगळ माझ्या वस्तादानं मारलंय, मी हातुडा धरलेला. सायबानं नकलेत ठिगळसुद्धा सोडलं न्हाय बघा!"

मग त्यानं पुढची चाकं मोजून दाखवली, धुराड्याची उंची दाखवली, आणि बॉयलरवरच्या घुमटीमागचा रंग पुसल्यावर खरंच बारकासा आकडा निघाला, ३०७. आप्पांनी टाळी वाजवली. मी मात्र इंजिनाकडं बघतच नव्हते. ठिगळावर फिरणाऱ्या त्या बोटाकडं बघत होते. त्या दिवसापासून माझं काही खरं राहिलं नाही, हे आत्ताच सांगून टाकते.

हत्यारं हातात द्यायचं काम मी आपणहून घेतलं. कानस कुठली, पाना कुठला, सगळं आठवड्यात शिकले. पिस्टनला एरंडेलात भिजवलेली सुताची वळी घालायची असते. त्या वासानं माझी लुगडी, आत्याचा स्वयंपाक, आप्पांच्या वह्या, सगळंच घमघमायला लागलं.

"आक्का, जरा तो पाना देता?" एकदा तो म्हणाला.

"मी तुमची आक्का नाही."

"मग... काय म्हणू?"

"नाव आहे मला."

त्यानं पाना घेतला. बराच वेळ नट फिरवत राहिला, पण नट काही घट्ट होईना. "उलटा फिरवताय," मी म्हणाले.

"व्हय की..." कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. "तुम्ही हितं बसलात की माझं उलटंसुलटं कायबी व्हतंय बघा."

"मग उठू?"

"न्हाय, न्हाय! बसा की! लई उठायची घाई तुम्हाला."

असे आमचे रविवार. सोमवार ते शनिवार म्हणजे माझ्या लेखी नुसती भरती. आप्पा दर बुधवारी त्याला कार्ड घालायचे, काय सामान आणायचं त्याचं. ते सांगत, मी लिहीत असे. तेवढंच माझं अक्षर लोंढ्याला जायचं.

माघात काम उरकत आलं. इंजिनाच्या मागं कोळशाचा डबा असतो आणि त्याच्या खाली पाण्याचा हौद. तो हौद गंजून चाळण झालेला. रवळूनं आतून कथलाचा डाग देऊन तो बंद केला, काठोकाठ पाणी भरलं, आणि संध्याकाळी निघताना आप्पांच्या देखत म्हणाला, "माझी बदली झालीया मास्तर. गुंतकलला. येत्या शुक्रवारी निघायचंय. एवढा हौद चार रोज भरून ठेवा, गळतोय का बघून कार्ड टाका."

गुंतकल! तिथून दर रविवारी कोण येणार! तो फाटकापर्यंत गेला, तशी मी त्याची विसरलेली उन्हाची छत्री घेऊन मागं गेले. छत्री तो मुद्दामच विसरला होता.

"एक इचारायचं हुतं," तो छत्रीच्या मुठीकडं बघत म्हणाला. "मास्तरांपाशी तुमच्यासाठी शब्द टाकावा असं मनात हाय... पर मी फिटर मानूस. तुमचं मन कळल्याबिगर टाकणार न्हाय. व्हय असंल तर बुधवारच्या कार्डात कायतरी खूण घाला. मी आठ दिवस लांबवून रविवारी येतो. न्हाय असंल तर... कायबी लिवू नका. मी समजीन."

"आत्ताच सांगते की—"

"कल्याणीऽ!" आतून आत्याची हाक आली. तो गेला.

आता खूण घालायची कशी? आमचा पोस्टमन भावकू म्हणजे गावचा दवंडीवाला. दुसऱ्याचं कार्ड वाचल्याबिगर त्याला भाकर गोड लागायची नाही. आणि शेडात तर कार्ड मोठ्यानं वाचायची रीतच होती. दोन दिवस डोकं खाजवलं, आणि सुचलं! आमच्या भागात कानडीत 'होय'ला 'हौद' म्हणतात. रवळू शेडात दिवसभर कानडीच बोलायचा. आप्पांनी सांगितलेला मजकूर लिहून झाल्यावर मी खाली एक ओळ वाढवली : "आपण जाताना विचारलेत, त्याचे उत्तर— हौद." माझ्या हुशारीवर मीच खूश! कार्ड आप्पांच्या टेबलावर ठेवलं, त्यांनी नेहमीसारखी नजर फिरवली आणि भावकूकडं दिलं.

मन सारखं रविवारी जाऊन बसत होतं. शनिवारी दुपारी भावकू दारातूनच ओरडला, "मास्तर, तुमचा हौद गळतोय म्हणं!"

कार्डावर लिहिलं होतं : "हौद गळतो हे समजले. आतून आणिक एक डाग द्यावा, शहापुरात कोणीही तांबट देईल. मी येण्याचे कारण उरले नाही. आज निघालो. आत्याबाईंस व आक्कास नमस्कार."

आक्कास नमस्कार!

मी चुलीपुढं बसून रडले. धुराचं निमित्त होतं म्हणून बरं. दिवसभर कानडी बोलणाऱ्या माणसाला हौद कळू नये? छे! कळलं सगळं, पण मन फिरलं. सोंग घेतलं आणि सुटला, असंच मी धरून चालले. ते 'आक्का' त्यानं मुद्दाम लिहिलंय, यात मला तिळमात्र शंका नव्हती. अशा माणसाला पुन्हा पत्र लिहायचं? मेले तरी नाही!

पण माणूस मनातून जायला नको का! रविवारी सकाळच्या गाडीची शिट्टी झाली की हातातलं पोळपाट थांबायचं. चैत्रात एक दिवस हट्टानं मी एकटीनंच इंजिन पेटवलं. हौदात पाणी भरलं, एक थेंब गळला नाही. कोळसा फुंकून फुंकून डोळे लाल झाले. वाफेचा काटा चढला, मी हळूच दांडा ओढला आणि चाकं फिरली! आप्पांनी अंगणात टाकून घेतलेल्या छोट्या रुळांवरून तीनशे सात भकभक करत तुळशीपर्यंत गेलं. आप्पा पोरासारखे मागं पळाले. आत्यानं तपकिरीची चिमूट तशीच धरून ठेवली. मी मान वळवून शेजारी बघितलं, अगदी सवयीनं. शेजारी कुणी नव्हतं. इतकं एकटं मला आई गेली तेव्हासुद्धा वाटलं नव्हतं.

भाद्रपदात कोल्हापूरचं स्थळ आलं. शरच्चंद्र नावाचे वकील, माणूस चांगला, घर चांगलं. त्यांना आठ दिवसांत उत्तर द्यायचं होतं. आप्पा माझ्यासमोर येऊन बसले.

"काय कळवू, कल्याणी?"

"नको," मी म्हणाले.

आप्पा चष्मा पुसू लागले. मग म्हणाले, "रवळूला 'हौद' लिहिलंस, आणि ह्यांना 'ब्याड' होय?"

"आप्पा... तुम्हाला..."

"धारवाडात आठ वर्षं काढलीत मी. होय-नको एवढं कानडी मला येत नसेल? तेव्हाच कळलेलं. म्हटलं, पोरगा चांगला आहे, विचारायला येईल, आपण आनंदानं हो म्हणू. तो आलाच नाही. मला वाटलं, माघार घेतली त्यानं. तुझ्या जखमेवर मीठ कशाला चोळा, म्हणून गप्प बसलो."

"मी त्याच्या विचारण्याला हो म्हटलं होतं हो!" माझा बांध फुटला. फाटकापाशी काय झालं ते सगळं सांगितलं.

आप्पांचे हात थांबले. "अगं वेडे, त्यानं त्या दिवशी माझ्यासमोर काय विचारलं होतं? हौद गळतोय का, ते! चार रोज भरले नव्हते म्हणून मी त्याचं काही सांगितलं नव्हतं, आणि तू लिहिलंस, विचारलेत त्याचे उत्तर हौद. 'होय, गळतोय' याशिवाय तो बिचारा दुसरं काय समजणार?"

मी कपाळावर हात मारला. खरंच सांगते, फाटकापाशी तो जे बोलला त्यापुढं आधीचा प्रश्न माझ्या डोक्यातून साफ पुसला गेला होता. सात महिने! सात महिने मी त्याला लबाड म्हणत होते!

त्याच रात्री लिहायला बसले. ह्या वेळी कार्ड नाही, पाकीट. खुणा नाहीत, कानडी नाही. 'मी होय म्हटले होते. आजही म्हणते. तुमचे लग्न झाले असल्यास हे पत्र फाडून टाकावे.' गुंतकलच्या शेडाच्या पत्त्यावर पाकीट गेलं.

आठ दिवस झाले. पंधरा झाले. भावकू लांबूनच मान हलवायचा, आणि पहिल्यांदाच मला त्या बोलक्या माणसाचा राग आला नाही. बावीस दिवस झाले, तेव्हा मी मोजणं सोडलं. झालं असणार लग्न, मनाला सांगितलं. मन ऐकेना.

आणि एका मंगळवारी दुपारी फाटक वाजलं. आप्पा शाळेत, आत्या पारायणाला. मी ओले हात पुसत बाहेर आले, तर तो! वाळलेला, काळवंडलेला, हातात माझं पाकीट.

तो पायरीपाशी येऊन थांबला. मीच म्हणाले, "उशीर केलात."

"पत्र गुंतकलला गेलं. मी गावाला आलतो, रजेवर. परवा माघारी गेलो तवा हाती पडलं. तसाच उलटा फिरलो."

"गावाला कशाला?"

तो वहाणेच्या अंगठ्याकडं बघत राहिला. "आयनं पोरगी बघायला बोलावलेलं."

मी खांब धरला. "बघितलीत?"

"बघितली."

"कशी होती?"

"चांगली हुती."

"मग?"

"न्हाय म्हणलो. आयनं लई इचारलं, का रं, काय खोट हाय पोरीत? मी काय सांगू? एक पोरगी मला न्हाय म्हणालीया, तिच्यापायी मी हिला न्हाय म्हणतोय... ह्ये कुठल्या आयला पटंल? म्हणून गप्प बसलो. चार दिवस ती माझ्याशी बोलली न्हाय."

मी त्याला सोंगाड्या म्हटलं होतं, लबाड म्हटलं होतं, आणि हा, मी नाही म्हटलंय असं समजून, माझ्यासाठी आईचा अबोला सोसून बसला होता! मला हुंदका आवरेना. तो घाबरला, "अवो कल्याणी, रडू नका... मी काय चुकलो का?" म्हणत पायरी चढून वर आला.

"चुकलात! हौद म्हणजे काय, तुम्हाला कळत नाही?"

"कळतंय की! पर तुमच्यावानी पोरगी मला व्हय म्हणंल, त्यापरीस माझाच डाग गळला असंल, ह्येच मला खरं वाटलं."

आप्पा शाळेतून यायला अजून दीड तास होता. मी त्याला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, गूळ दिला, आणि जवळ बसले. आप्पांजवळ काय बोलायचं ते त्यानं चार वेळा मला म्हणून दाखवलं. चारी वेळा चुकला. मग मी म्हटलं, राहू दे, मीच बोलते.