केल्सोच्या सिनेटरचा शब्द

फेब्रुवारी १८८९. डोंगररांगांच्या कुशीतल्या त्या राजधानीवर रात्रभर बर्फ पडले होते, आणि विधानभवनाच्या घुमटावर पहाटेचा उजेड येण्याआधीच केल्सो खोऱ्यातले खाणकामगार आणि खाणीत गेलेल्यांच्या विधवा पायऱ्यांवर येऊन उभ्या होत्या. प्रत्येक खाणीला बाहेर पडायची दुसरी वाट असावी, एवढेच विधेयक होते. मालकांनी ते दोनदा पाडले होते. स्वतः अकरा वर्षे जमिनीखाली काढलेल्या सिनेटर हायरम प्रुएटने ते तिसऱ्यांदा आणले, आणि या खेपेला त्याच्याकडे एका मताचे आधिक्य होते.

मतदानाच्या आदल्या दिवशी विधेयकाला विरोध करणारे कर्नल लॅथ्रप मरणोन्मुख पत्नीकडे निघाले. अशा वेळी दुसऱ्या बाजूच्या एकाने हजर राहूनही मत द्यायचे नाही, असा सभागृहाचा रिवाज होता. लेखी काही नसे, शब्दावर चाले. लॅथ्रपनी तो शब्द प्रुएटकडे मागितला. प्रुएट कचरला, तेव्हा त्यानेच बोट धरून राजकारणात आणलेल्या ऑरिन टेटने त्याचे मन वळवले. दोन्हीकडचे एकेक मत कमी झाले तरी आपले एक जास्तच राहते, असे त्याने समजावले. प्रुएटने शब्द दिला.

दहा वाजता नावांचा पुकारा सुरू झाला. प्रुएट गप्प राहिला. मग टेटचे नाव आले.

"विरोधात," टेट म्हणाला, समोरच्या कागदातून मान वर न काढता.

बारा विरुद्ध तेरा. प्रुएटचे मत पडले तर बरोबरी होणार होती, आणि बरोबरी फोडणारे अध्यक्ष विधेयकाच्या बाजूचे होते. त्यांनी हातोडा उचलला, पण आपटला नाही.

"केल्सोचे सन्माननीय सिनेटर मत नोंदवू इच्छितात काय?"

प्रुएट टेटकडे वळला. "मी शब्द मोडणार नाही, हे धरून चालला होतास तू?"

"माणसे ओळखायला तुम्हीच शिकवलेत, हायरम."

प्रेक्षकांच्या सज्ज्यातून कोणीतरी प्रुएटला नावाने हाक मारली. त्याने वर पाहिले नाही.

"अध्यक्ष महाराज, मी कर्नल लॅथ्रपना शब्द दिला आहे," तो म्हणाला आणि खाली बसला.

पायऱ्यांवर मिसेस ट्रेगिअरने त्याची वाट अडवली. तिचा नवरा आणि थोरला मुलगा एकाच खाणीत गेले होते.

"टेटने आम्हाला विकले, सिनेटर," ती म्हणाली. "तुम्ही फुकटात दिलेत."

पुढच्या निवडणुकीत केल्सोने प्रुएटला पाडले. कायदा झाला तो तीन वर्षांनी, आणि तो मांडला कर्नल लॅथ्रपनी. मधल्या काळात केल्सोच्या खाणींत एकोणीस माणसे अडकून मेली. प्रत्येकाच्या दफनाला प्रुएट गेला. त्याच्या शेजारी कोणी उभे राहिले नाही.