सामुदियोची सही

रंगाचा पहिला थेंब दालिलाच्या टोपीवर पडला, दुसरा थेट नाकावर.

"अहो! खाली माणसं चालतात!"

"माणसं पलीकडच्या बाजूने चालतात," वरून आवाज आला. "शिडीखालून फक्त सरकारी लोक जातात."

बेकरीच्या वळचणीखाली शिडी लावून एक तरुण पाटी रंगवत होता. बाहेर सांता रोसालिया गावातला तो नेहमीचा पाऊस होता. पडतोय की नुसता हवेत तरंगतोय, कळूच नये असा... दालिलाच्या पापण्यांवर, पाठीवरच्या पिशवीवर, छातीशी धरलेल्या कागदांवर त्याचे बारीक मणी जमले होते. सकाळपासून ती अकरा दारं ठोठावून आली होती. नऊ दारांनी 'नाही' म्हटलं होतं, आणि दोन उघडलीच नव्हती.

"तादेओ सामुदियो इथेच राहतात ना?" तिने विचारलं.

"राहायचा. गेला."

"कुठे?"

"तिहुआनाला, पार सीमेवर. परत यायचं काही खरं नाही."

"अरेरे," दालिला म्हणाली. शिडीच्या पायथ्याशी रंगाचे चार डबे होते. ती वाकून बघायला लागली. "आणि जाताना डबे इथेच विसरला वाटतं. प्रत्येकावर नाव आहे त्याचं. पण काय सुरेख अक्षर आहे हो!"

वर शिडी कुरकुरली.

"अक्षराची स्तुती करून माणसाला खाली उतरवता होय?"

तो उतरला. तिशीच्या आतबाहेरचा, उंच, केसांत पांढऱ्या रंगाचे ठिपके. त्याने आधी खिशातलं स्वच्छ फडकं काढून तिच्यापुढे धरलं. "नाक," तो म्हणाला. आणि दालिलाला, काही कारण नसताना, हसू आलं.

तिचं शिक्षण जीवशास्त्राचं. पण डोंगरातल्या बेडकांवर पोट भरत नाही, म्हणून या वर्षी तिने निवडणूक संस्थेत काही महिन्यांचं काम धरलं होतं. काम सांगायला सोपं होतं. मतदानाच्या टेबलाशी बसायला सरकारी माणसं नसत, गल्लीतलेच शेजारीपाजारी बसत, आणि ते चिठ्ठीने निवडले जात. आधी जन्माचा महिना निघे, मग आडनावाचं अक्षर. ज्याचं नाव आलं त्याच्या घरी जायचं, नोटीस आणि माहितीची पुस्तिका द्यायची, तो हो म्हणाला की त्याला शिकवायचं.

"तुमचा महिना नोव्हेंबर," ती म्हणाली.

"माझा वाढदिवससुद्धा ठाऊक आहे?"

"फक्त महिना," दालिला म्हणाली. एकोणीस तारीख तिच्या कागदावर होती.

"राष्ट्राध्यक्ष बदलणार आहेत का यात?"

"नाही. त्यांची अजून तीन वर्षं आहेत. संसदेचं खालचं सभागृह बदलणार. पाचशेच्या पाचशे खासदार."

"म्हणजे मधली निवडणूक! ज्या निवडणुकीकडे कुत्रंसुद्धा फिरकत नाही."

"म्हणूनच तर माणसं हवीत," ती म्हणाली आणि पेन पुढे केलं. "इथे सही करा."

त्याने पेन घेतलं, उलटसुलट बघितलं, परत दिलं. "विचार करतो. पण एक सांगा... पेट्या पारदर्शक का असतात?"

पेटी रिकामी आहे हे सकाळी सगळ्यांना दिसावं म्हणून, असं तिने सांगितलं. मग पेटी कशी उघडून दाखवतात, कशी बंद करतात, तेही सांगितलं. सांगता सांगता अर्धा तास गेला. सही मात्र झाली नाही.

पुढच्या मंगळवारी ती पुन्हा गेली. या वेळी त्याला विचारायचं होतं की मतपत्रिकेवर खूण करायला पेन्सिल का, पेन का नाही. तिसऱ्यांदा गेली तेव्हा त्याने दालचिनीची कॉफी करूनच ठेवली होती. "सकाळी एखादा माणूस आलाच नाही तर?" त्याचा प्रश्न तयार होता.

"तर राखीव माणूस बसतो. तोही नसेल तर रांगेतल्या पहिल्या माणसाला धरायचं."

"असं रस्त्यावरून उचलून?"

"असंच. 'बसता का?' म्हणून विचारायचं, आणि त्याने पळ काढायच्या आत खुर्ची पुढे सरकवायची."

तादेओने हसत हसत खुर्ची पुढे सरकवली. "बसता का?"

दालिला बसली. कॉफी चांगली होती. प्रश्न विचारताना हा माणूस मान किंचित तिरकी करतो, हे तिच्या लक्षात आलं. आणि नको ते लक्षात येतंय, हेही लक्षात आलं.

"या घरी तीन भेटी?" शनिवारी तिची वरिष्ठ मिर्ता तक्ता बघत म्हणाली. "नकार असेल तर कारणाचा क्रमांक टाक आणि पुढे हो. का पाटी रंगवून घेतेयस?"

"तो नाही म्हणत नाही गं. फक्त... हो म्हणत नाही."

"मग बाई, तो दुसराच काहीतरी विचार करतोय," मिर्ता म्हणाली. दालिलाचे कान गरम झाले.

खरं कारण तिला बेनिताबाईंकडून कळलं. बेनिताबाई म्हणजे गावातल्या दातांच्या निवृत्त डॉक्टर. त्या टेबलाच्या अध्यक्ष होणार होत्या आणि त्यांनी एका झटक्यात सही दिली होती. सामुदियो हे नाव ऐकताच त्यांनी कप खाली ठेवला.

"रेफुखियो सामुदियोचा मुलगा? मतपेटीपाशी? अगं, त्याच्या बापाने तीस वर्षं या गावाची मतं एकट्याने दिली. दुपारी बारा वाजले की पेटी त्याच्या घरी जेवायला जायची आणि पोट फुगवून परत यायची! मेलेली माणसं मत देऊन जायची. माझ्या आजोबांनी दोनदा दिलं."

"आणि कोणी बोललं नाही?"

"ज्याच्या हातात नोकऱ्या, पाणी, रस्ता, त्याला कोण बोलणार? आता म्हातारा झालाय, घराबाहेर पडत नाही. लोक मात्र विसरलेले नाहीत."

दालिला त्याच संध्याकाळी तादेओकडे गेली. तिने पिशवीही उतरवली नाही.

"तुम्ही मला सांगायला हवं होतं," ती म्हणाली.

त्याला लगेच कळलं. तो ब्रश धूत राहिला. पाणी आधी निळं, मग फिकट, मग स्वच्छ झालं...

"पक्षवाले भिंती रंगवायला बोलावतात, भरपूर पैसे देतात," तो म्हणाला. "मी जात नाही. शाळेत मुलं मला 'पेटी' म्हणायची. आता सांगा, मी यादी घेऊन बसलो तर रांगेत काय बोलतील?"

"बोलतील," दालिला म्हणाली. तिला खोटं बोलवेना. "हसतीलसुद्धा."

"मग तुमच्या कागदावर नकार लिहा."

तिने कारणांचा तक्ता काढला. "प्रवास, आजार, नोकरी, घरच्यांचा विरोध, भीती... कुठलं लिहू?"

"लाज लिहा."

"लाजेला क्रमांक नाहीये, तादेओ."

पहिल्यांदाच तिने नुसतं नाव घेतलं होतं. त्याने वर पाहिलं. ती तक्ता मिटत होती.

"मी जबरदस्ती करणार नाही," ती हळूच म्हणाली. "आणि परत येणारही नाही. आता आले तर ते कामासाठी येणं होणार नाही... आणि माझ्या अंगावर अजून संस्थेचं जाकीट आहे."

ती परत गेली नाही. एप्रिल गेला. त्या गल्लीच्या तोंडाशी आली की तिचे पाय आपोआप हळू व्हायचे, आणि ती त्यांना पुढे ओढून न्यायची. यादीत त्याच्या नावापुढची जागा तिने कोरीच ठेवली होती. मिर्ता रागावली, तरी कोरीच.

मेमधल्या एका शनिवारी शाळेत रंगीत तालीम होती. पुठ्ठ्याचा आडोसा, खोट्या मतपत्रिका, खोटी भांडणं. बेनिताबाई दारुड्या मतदाराचं सोंग इतकं मनापासून करत होत्या की कोणाला हसू आवरेना. तेवढ्यात दारात तो उभा राहिला. केस ओले, हाताला रंग नाही.

"नोटीस घरी राहिली," तादेओ म्हणाला. "पण पुस्तिका वाचलीय. सचिवाची जागा रिकामी आहे का?"

दालिलाने कागद पुढे केला. त्याने सही केली. सहीसुद्धा कशी, एखाद्या दुकानाच्या पाटीवर शोभावी अशी!

"पेन्सिलीचं कारण पुस्तिकेत चौतिसाव्या पानावर आहे," ती कुजबुजली. "कधी वाचली?"

"पहिल्याच दिवशी," तो म्हणाला. "सगळी."

"मग ते सगळे प्रश्न...?"

"कॉफी एकट्याला जास्त व्हायची."

जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी आठला शाळेचं दार उघडलं. दालिलाकडे पाच टेबलं होती, त्यामुळे ती दिवसभर या गल्लीतून त्या गल्लीत धावत होती. पण दुपारी बाराच्या सुमाराला ती शाळेत होती, आणि म्हणून तिने ते पाहिलं.

रांग अचानक गप्प झाली. काठी टेकत, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून म्हातारा रेफुखियो सामुदियो आत आला होता. लोक बाजूला झाले नाहीत. तोही रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

"साहेब, बारा वाजले!" मागून कोणीतरी ओरडलं. "पेटी जेवायला न्यायला आलात का?"

हशा पिकला. तादेओच्या मानेवर लाली चढलेली दालिलाला दारातून दिसली. आता तो उठून जाईल, असं तिला वाटलं. तो उठला नाही. यादीतलं पुढचं नाव शोधत राहिला. एकेक माणूस पुढे सरकत शेवटी म्हातारा टेबलाशी आला.

"कार्ड," तादेओ म्हणाला.

"मला ओळखत नाहीस?"

"ओळखतो. तरी कार्ड दाखवा."

पुन्हा कोणीतरी हसलं, पण हे हसणं निराळं होतं. म्हाताऱ्याने सदऱ्याच्या खिशातून कार्ड काढलं. तादेओने यादीतला फोटो पाहिला, समोरचा चेहरा पाहिला, शिक्का मारला. बेनिताबाईंनी एक मतपत्रिका फाडून दिली. म्हातारा ती हातात धरून उभाच राहिला.

"एकच?" त्याने विचारलं.

सगळं दालन ऐकत होतं.

"एकच, बाबा," तादेओ म्हणाला. "प्रत्येकाला एकच."

म्हाताऱ्याच्या ओठांचा कोपरा हलला. मग त्याला हसू फुटलं, लाजल्यासारखं. रांगेत आधी एक बाई हसली, मग सगळेच. पण या वेळी त्या हसण्यात काटा नव्हता. म्हातारा आडोशामागे गेला आणि कितीतरी वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा घडी नीट चौकोनी केलेली होती. ती पेटीत पडली. तादेओने त्याचा उजवा अंगठा हातात घेतला आणि शाई लावली, जरा जास्तच हळू.

"आत फार शांत असतं," म्हातारा म्हणाला. "मला माहीतच नव्हतं."

दालिला वळून बाहेर गेली. डोळे पुसायला तिच्याकडे टोपीशिवाय काही नव्हतं.

मोजणी झाली, निकालाचा कागद शाळेच्या दारावर लागला. तादेओने लिहिलेले आकडे इतके देखणे होते की हरलेल्या पक्षाची माणसंसुद्धा त्यांचे फोटो काढत होती. दालिलाला मात्र त्याच्याशी बोलायला मिळालं नाही. बेनिताबाईंबरोबर मतांचं गाठोडं जिल्ह्याच्या कचेरीत पोचवायचं होतं.

बुधवारी त्या कचेरीत सगळ्या केंद्रांचे आकडे पुन्हा जुळवत होते. दुपारी ती पाय मोकळे करायला फाटकाबाहेर आली. समोरच्या झाडाखाली, त्याच तरंगत्या पावसात, तादेओ उभा होता. हातात केळीच्या पानात बांधून वाफवलेली मक्याच्या पिठाची तमालं होती.

"काय काम काढलंत?" तिने विचारलं.

"पहारेकऱ्यानेही हेच विचारलं. मी म्हटलं, काम नाही. तो म्हणाला, मग इथे का उभा आहेस? मला काही उत्तर देता आलं नाही." तो थांबला. "म्हणजे... येत होतं. पण ते आधी त्याला कशाला सांगायचं?"

"मग मला सांगा."

"तुम्ही येत नव्हता ना, एप्रिलभर... मी रोज दोन कप कॉफी करत होतो. मला तुम्ही आवडता, दालिला. सही मी गावासाठी केली, बाबांसाठी केली, सगळं खरं आहे. पण त्या शनिवारी शाळेच्या पायऱ्या मी तुमच्यासाठी चढलो."

तिने एक तमाल घेतलं, पान उलगडलं. वाफ दोघांच्या मधून वर गेली.

"माझं काम तीस तारखेला संपतं," ती म्हणाली. "परवा आईने विचारलं, आता पुढे काय करणार? मी म्हटलं, एका गल्लीत जाणार आहे. तिथे एका माणसाकडे मला काहीही काम नाही."

तो बघतच राहिला. मान किंचित तिरकी.

"आणि आता 'तुम्ही' पुरे," दालिला म्हणाली. "खा ना, तुझं तमाल गार होतंय."