योग्य त्या चौकटीत खूण करा

बेचाळीस नंबरचा फळा दोघांना दिला गेला, ही चूक यादी छापणाऱ्याची. पुढच्या सगळ्या चुका मात्र त्या दोघांनी स्वतःच्या हाताने, अतिशय काळजीपूर्वक केल्या.

ध्रुवीय संशोधकांची परिषद होती. सभागृहात इतकं उकडत होतं की आयुष्यभर बर्फावर काम केलेली माणसं शोधनिबंधांच्या पुस्तिकेने वारा घेत होती. ती पोस्टरची नळी काखेत मारून बेचाळीस नंबरपाशी पोचली, तेव्हा एक उंच माणूस तिथे आधीच आपलं पोस्टर लावत होता. त्याच्या दातांत चार टाचण्या होत्या. त्यामुळे त्यांचं पहिलं संभाषण एकतर्फी झालं आणि ते ती जिंकली.

"हा फळा माझा आहे," ती म्हणाली.

त्याने खिशातून पत्र काढून दाखवलं. बेचाळीस. तिने तिचं दाखवलं. बेचाळीस. मग त्याने एकेक करून टाचण्या दातांतून काढल्या.

"अर्धा अर्धा करू या. डावी बाजू तुमची. माझी प्रस्तावना तशीही कुणी वाचत नाही."

दोन्ही पोस्टरं मधोमध दुमडली गेली. तिचा विषय होता उपग्रहाच्या चित्रांत ढग कुठला आणि बर्फ कुठला हे ओळखणं. दोन्ही पांढरे, दोन्ही गप्प. तीन वर्षं ती पांढऱ्यावरचं पांढरं निवडत होती आणि संस्थेत तिला सगळे ढगवाली म्हणत. बर्फाला तिने हात लावला होता तो फक्त फ्रीजमधल्या. तो मात्र बर्फात खोल भोकं पाडून आत अडकलेली जुनी हवा मोजायचा. त्याला गिरमिट म्हणत. एक तर यंत्रामुळे, आणि दुसरं म्हणजे प्रश्न विचारायला लागला की पलीकडून बाहेर पडल्याशिवाय थांबत नसे म्हणून.

दुपारी एक वयोवृद्ध प्राध्यापक आले. तिची प्रस्तावना आणि त्याचे निष्कर्ष हा एकच शोधनिबंध आहे असं समजून त्यांनी बारा मिनिटं तो वाचला, "धाडसी आहे," म्हणाले आणि निघून गेले. त्यानंतर ही दोघं इतकी हसली की त्रेचाळीस नंबरच्या माणसाने आपली खुर्ची लांब नेली.

संध्याकाळी पाऊस लागला. छत्री दोघांकडेही नव्हती. हवामानाच्या दोनशे जाणकारांपैकी कुणाकडेच नव्हती. गिरमिटने नळीतून आपलं पोस्टर काढलं आणि दोघांच्या डोक्यावर धरलं. थांब्यापर्यंत पोचेतो त्यावरचा निळा आलेख विरघळून तिच्या बाहीवर उतरला होता.

त्याने वाकून डाग नीट पाहिला. "हा अकराव्या शतकातला हिवाळा आहे."

"धुतल्यावर जाईल?"

"नऊशे वर्षं टिकलाय. साबणाचं… सांगता येत नाही."

बोलताना तो तिच्या बाहीकडे बघत होता आणि ती त्याच्या पापण्यांवरच्या थेंबाकडे. थेंब पडेना, आणि तिची नजरही हलेना. बस चाळीस मिनिटं उशिरा आली. तेवढ्यात 'तुम्ही'चं 'तू' झालं.

त्यानंतर ऑनलाइन मेळावे सुरू झाले. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी साडेदहाला तरुण संशोधक पडद्यावर जमायचे. व्याख्यान झालं की सगळ्यांना दहा मिनिटं दोघा-दोघांच्या छोट्या खोल्यांत सोडलं जाई, ओळख वाढावी म्हणून. कोण कुणाच्या खोलीत, हे संगणक चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. अकरा महिन्यांत नऊ वेळा तिच्या वाट्याला गिरमिट आला.

ती शास्त्रज्ञ होती. तिने शक्यता काढली आणि नवव्या वेळी त्याला सांगितलं की असं घडायला विश्वाचं वय थोडं कमी पडतं.

"संगणकाचं काही खरं नसतं," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "खोल्या… मीच वाटतो."

"मग उरलेले दोन महिने?"

"संशय यायला नको म्हणून."

एकदा आई तिच्या पाठीमागून वाळलेले कपडे घेऊन गेली आणि जाताजाता म्हणाली, "हाच का तुझा तो बर्फवाला?" आवाज चालू आहे हे आईला खुणेने सांगेपर्यंत पडद्यावरून "नमस्कार, काकू" आलं होतं. आईने त्याला जेवलास का म्हणून विचारलं. सकाळचे सव्वाअकरा झाले होते. तो जेवलो म्हणाला. नंतर कपड्यांच्या घड्या घालता घालता आईने निकाल दिला की मुलगा चांगला आहे, फक्त फार लांबून बोलतो.

आईचं म्हणणं अंतराबद्दल होतं. पण ते दुसऱ्या अर्थानेही खरं होतं. खोल्यांत सगळं बोलून झालं, तेवढं एक सोडून. दोघांच्याही धंद्याची सवयच वाईट. तीस वर्षांच्या नोंदी हातात असल्याशिवाय हवामान बदललं असं म्हणायचं नाही, हे त्यांच्या हाडीमासी भिनलेलं. आणि नोंदी तर अकरा महिन्यांच्याच होत्या.

मग हिवाळी तुकडीची जाहिरात निघाली. दक्षिण ध्रुवाजवळच्या तळावर चौदा महिने, बर्फ खोदणाऱ्यासाठी एकच जागा. गिरमिटने अर्ज केला, तिसऱ्यांदा. आधीच्या खेपेला तो तीन गुणांनी राहिला होता. ती गोष्ट त्याने तिला सांगितली होती, आणि त्या दिवशी दहा मिनिटांत एकदाही विनोद केला नव्हता.

अर्ज तपासायला मंडळाने तरुणांमधून एक परीक्षक घेतली, ती ढगवाली. सतराव्या अर्जावर त्याचं नाव पाहून ती आधी पाणी प्यायली. अर्जाआधी एक पान होतं. 'या अर्जदाराशी आपले व्यक्तिगत संबंध आहेत का? योग्य त्या चौकटीत खूण करा. हो. नाही.'

तिने प्रामाणिकपणे विचार केला. एक पाऊस आणि नऊ खोल्या, याला संबंध म्हणायचं तर उद्या बसच्या कंडक्टरशीही संबंध निघतील. त्यातून 'हो' म्हटलं की अर्ज दुसऱ्या परीक्षकाकडे जाणार. ते निवृत्त गृहस्थ कुणालाही पन्नासाच्या वर गुण देत नसत आणि अख्ख्या क्षेत्रात त्यांना उणे चाळीस म्हणत. तिने 'नाही'वर खूण केली, मग अर्ज वाचला. तो खरोखरच उत्तम होता. तिने ब्याण्णव गुण दिले. परक्या माणसाला दिले असते त्यापेक्षा दोन कमीच.

आठवड्याने अर्जविभागातल्या बाईंचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या दोघांचा मेळ बसत नाहीये."

"कुणाचा?"

"तुमचा आणि अर्ज क्रमांक सतराचा. परीक्षकांची यादी आम्ही अर्जदारांनाही देतो, प्रश्न तोच असतो. तुम्ही म्हणताय संबंध नाहीत. त्यांनी तुमच्या नावापुढे 'हो' लिहिलंय. संबंध असले तर दोन्हीकडून असायला लागतात हो, नाहीतर फाइल अडते."

ढगवाली उभी होती ती खुर्चीच्या हातावर बसली. "त्यांनी… आणखी काही लिहिलंय?"

"खाली खुलाशासाठी ओळ असते. लोक मेहुणा, मावसभाऊ असं लिहितात. यांनी लिहिलंय…" कागद सरकल्याचा आवाज झाला. "'माझ्या बाजूने.' एवढंच. हे नातं आमच्या यादीत नाही."

बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं. त्या पाण्याचा आवाज तिला बराच वेळ ऐकू येत राहिला. कुणी आपल्यावर प्रेम करतं ही बातमी आयुष्यात एकदाच येते, आणि तिला ती कार्यालयीन वेळेत, फाइल क्रमांकासकट आली होती.

बाईंनी नियम समजावून दिला. 'हो' म्हणालात तर तुमचे गुण रद्द, अर्ज उणे चाळीसांकडे. 'नाही'वर राहिलात तर गुण कायम. चार वाजेपर्यंत कळवा. आणि हो, निर्णयाची प्रत अर्जदाराला जाते.

चारला आठ मिनिटं कमी असताना तिने फोन केला. "'नाही'च राहू द्या."

"मग त्यांच्या 'हो'चं काय करू?"

"नियमात काय आहे?"

"'अर्जदाराचा गैरसमज' असा शेरा मारायचा."

"मारा," ती म्हणाली.

बाई घुटमळल्या. "माझं काही नाही मॅडम. फक्त तो लाल शाईने मारावा लागतो."

गिरमिटची निवड झाली. जहाज सुटायच्या आधी तुकडीच्या निरोपाचा कार्यक्रम होता. ती गेली. रस्ताभर एक वाक्य घोकत गेली होती, पण दारातच तिला दिसलं की ते बोलता येणार नाही. आज ती खरं बोलली तर तिची सही खोटी ठरणार, गुण रद्द होणार आणि राखीव यादीतला माणूस त्याच्या जागी जहाजावर चढणार. तो माणूस कोपऱ्यात बिस्किटं खात आशेने सगळ्यांकडे बघत उभाच होता.

"अभिनंदन," ती म्हणाली.

"आभारी आहे. तुम्ही वेळ काढून आलात." तो हसला, चांगल्या माणसासारखा, आणि तेच जास्त लागलं. "आणि माझा गैरसमज दूर केलात, त्याबद्दलही. फॉर्मवर असलं काही लिहायला नको होतं मी."

"अरे, तसं नाही…"

"नाही, नियम तो नियम."

कुणीतरी त्याला फोटोसाठी हाक मारली. त्याच्या कोटाच्या कॉलरवर एक दोरा लोंबत होता. तिने हात पुढे केला, आणि मग आपण कोण, अशा विचाराने मागे घेतला. फोटोत तो दोरा स्पष्ट दिसतो.

जहाज गेलं. दुसऱ्या मंगळवारी छोट्या खोल्या आता खरोखरच संगणक वाटायचा. तिला सलग तीनदा शेवाळासारख्या मॉसवर काम करणारा एक गृहस्थ मिळाला, त्याला फक्त मॉसबद्दलच बोलायचं होतं. चौथ्या महिन्यात तिने परीक्षकपदाचा राजीनामा दिला. कारण विचारलं तेव्हा 'व्यक्तिगत' लिहिलं. बाईंनी फोन करून काही विचारलं नाही, फक्त "बरं केलंत" म्हणाल्या.

जूनमध्ये तळावरून थेट व्याख्यान ठरलं. वक्ता गिरमिट, सूत्रसंचालन तिच्याकडे. तिकडे तेव्हा सूर्यच उगवत नव्हता आणि बर्फ इतका जमला होता की सहा महिने कुणी येणार नव्हतं की जाणार नव्हतं. आता खरं बोलल्याने कुणाचीच जागा जाण्यासारखी नव्हती. ती पंधरा मिनिटं आधी जाऊन बसली.

तो आला. दाढी वाढली होती. मागे पत्र्याची भिंत आणि एक टांगलेला टॉवेल. प्रत्येक वाक्य पोचायला दोन सेकंद लागत होते.

"मी खोटं बोलले होते," ती म्हणाली. "त्या फॉर्मवर. 'हो' म्हटलं असतं तर तुझा अर्ज उणे चाळीसांकडे गेला असता. तुझी जागा गेली असती, म्हणून… माझ्याही बाजूने आहे. तेव्हाही होतं."

दोन सेकंद गेले.

"मला ठाऊक होतं अर्ज त्यांच्याकडे जाईल ते," गिरमिट म्हणाला. "म्हणूनच लिहिलं. तू 'हो' म्हणाली असतीस तर मी अर्ज मागे घेणार होतो."

"पण तुला तर तिथे…"

"सहा वर्षं हवं होतं. मग मंगळवार सुरू झाले."

इतक्या दूर शांतताही दोन सेकंद उशिराच पोचत असणार.

"मग आता जानेवारीत ये," ती शेवटी म्हणाली. "जहाज येईल तेव्हा."

त्याने टॉवेलकडे पाहिलं. "मी दुसऱ्या हिवाळ्यासाठी सही केली. परतायची घाई असावी असं… तिकडे काही आहे, असं वाटलं नाही मला."

"कधी केलीस?"

"गेल्या गुरुवारी. माझ्या जागी येणाऱ्याला त्यांनी त्याच दिवशी नकार कळवला. आता मागे फिरता येत नाही, मी आत्ता विचारलं तरी."

गुरुवारी ती काय करत होती, ते तिला आठवलं. याच भेटीची तयारी. हे वाक्य तिने वहीत लिहून काढलं होतं, खोडलं होतं, पुन्हा लिहिलं होतं, आणि प्रत्यक्ष बोलायला मंगळवार बरा, असं ठरवून दिवा मालवला होता.

"त्या कागदावर एक रकाना आहे," तो सावकाश म्हणाला. "काही झालं तर कुणाला कळवायचं. मी दादाचं नाव लिहिलंय. तेवढा बदलता येतो… तुझी हरकत नसेल तर."

"नंबर लिहून घे," ती म्हणाली आणि एकेक आकडा सांगू लागली. सात आकडे झाले तेवढ्यात ठरलेली वेळ झाली, यंत्राने आपोआप दार उघडलं आणि दोनशे बारा शास्त्रज्ञ आत आले. उरलेले तीन आकडे तिने सगळ्यांसमोर सांगितले. मॉसच्या गृहस्थांनी ते वहीत टिपून घेतल्याचं पडद्यावर दिसलं.

दोन सेकंदांनी गिरमिटने अख्खा नंबर वाचून दाखवला.

"शेवटचा सात नाही, नऊ," सूत्रसंचालिका म्हणाल्या.

"दुरुस्ती केली."

मग तिने सर्वांचं स्वागत केलं आणि वक्त्यांचा परिचय करून दिला: शिक्षण, शोधनिबंध, अनुभव, तळावरचा कालावधी. परिचयाच्या कागदावर चौदा महिने छापलेलं होतं. तिने ते खोडून वर सव्वीस लिहिलं आणि सव्वीस असं वाचलं. आवाज जरासा घोगरा झाला, पण लोकांना वाटलं की जोडणीच खराब आहे.