कुत्र्यासकट या

उदगीरच्या गुरम्माला चार दिवस कुठं जा म्हटलं की एकच अडचण. गोलू. विरूपाक्ष अप्पा गेले तेव्हापासून ते कुत्रं तिच्या पायाशीच. वळण मात्र अप्पांनी लावलेलं. अप्पा त्याच्याशी कानडीतच बोलायचे. ‘बारो’, म्हणजे ‘ये रे’, म्हटलं की पळत यायचं, दुसऱ्या कुणी हाक मारली तर मान वळवून बघायचं तेवढं. रात्री झोप लागेना झाली की गुरम्मा खाटेवरून हात खाली सोडायची. केसाळ पाठ हाताला लागली की डोळा लागायचा. नवऱ्यामागं तिचं म्हणून एवढंच उरलं होतं.

येळवस जवळ आली. आता आमच्या भागात येळवशीच्या अमावास्येला गावाला कुलूप असतं, सगळी माणसं शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायचं, भज्जी, आंबील, उंडे खायचे, वाटंनं जाणाऱ्याला हात धरून पंगतीला बसवायचं. पण शिवकुमार, तिचा लेक, म्हणाला, “अव्वा, अप्पा न्हाईत त्या शेतात मला उभं राहवणार न्हाई. औंदा दुसरीकडं जाऊ.”

त्यानं मोबाईलवर माहूरच्या डोंगरातलं एक घर हुडकलं, दोन दिवसांच्या भाड्यानं. सून अंजू हसायला लागली. “आत्या, बघा तर. ‘कुत्र्यासकट या’ म्हणून लिहिलंय. फोटोसुद्धा सगळे कुत्र्यांचेच.”

“माणसांना तरी घेतात का गं?” गुरम्मा म्हणाली. पण तिचा जीव भांड्यात पडला होता. गोलूला कुणाच्या दारात टाकून जायचं नव्हतं.

घर बघण्यासारखं होतं. घाट संपतो तिथं सागाचं रान, रानाच्या पोटात लाल पत्र्याचं घर, मागं सरळ उतार. सागाची पानं गळून ताटाएवढाली वाळलेली, पाय टाकला की पापडासारखी मोडायची. ओसरीत आणि मागच्या दाराशी कुत्रं बांधायला लोखंडी कड्या, घासून घासून चकचकीत झालेल्या. घराची राखण करणारी कोंडाबाई खालच्या वस्तीवरनं यायची. तिनं ना शिवकुमारकडं बघितलं ना अंजूकडं. गोलूला बघून एवढंच म्हणाली, “एकच आनलं?”

दुसऱ्या दिवशी येळवस. शेत नसलं तरी गुरम्माला सण मोडवेना. डब्यांतनं भज्जी आणि उंडे आणले होते, आंबील घुसळून आणली होती. तिनं अंगणात पांडव म्हणून पाच खडे मांडून चुना लावला, सागाच्या पानांची वीतभर कोप केली. मग आंबिलीचं मडकं काखेला घेऊन ‘ओलगे, ओलगे’ असा येळवशीचा पुकारा करत शिंपडत निघाली. दरसाल हे अप्पांनी करायचं. शेतात असतं तर बांधाच्या आत फिरायचं. आपला बांध, आपली भुई, आपलं बोलावणं. इथं बांध कुठला? ती घराला फिरली, उताराच्या कडेनं फिरली, आणि अंगण संपतं तिथनं खाली दरीतही चार शिंतोडे टाकले. शेवटी अप्पा म्हणायचे तसं मोठ्यानं म्हणाली, “कोण उपाशी असंल त्यानं यावं, जेवून जावं.”

कोंडाबाई भांडी घासत होती. तिचा हात थांबला.

“हे काय करून राहिल्या, अव्वा?”

“येळवस हाय बाई. आज कुणाला नको म्हणायचं नसतं.”

“इथं तसं बोलवत न्हाईत जी.” कोंडाबाईनं भांडी तशीच टाकली, पदर डोक्यावर घेतला आणि वस्तीची वाट धरली.

दिवेलागणीला वीज गेली. अंजू आत दिवा लावत होती, शिवकुमार ओसरीत पडला होता. गुरम्मा मागच्या पायरीवर, शेजारी कडीला बांधलेला गोलू. थंडी पडत होती. दुपारच्या आंबिलीचा आंबूस वास सुटला होता. तो विरायच्या ऐवजी दाट होत चालला, इतका की तिनं नाकाला पदर लावला.

खाली रानात पानं वाजली. एक पाऊल... थांबलं. मग दुसरं.

“गोलू... बारो...”

अप्पांचा आवाज. शब्द संपताना घसा जरा बसायचा, तोसुद्धा तसाच. गोलू ताडकन उभा राहिला, शेपूट हलवत कुईकुई करायला लागला. गुरम्माचे डोळे भरून आले.

“तुम्ही... आलात?”

फिरून तेच, तेवढ्याच आवाजात. “गोलू... बारो...” तिला कुणी हाक मारत नव्हतं.

“शिवू, ऐकलंस का रे?”

“पानं वाजत्यात, अव्वा,” लेक ओसरीतनं म्हणाला.

गोलूनं हिसका दिला, साखळी सुटली. गुरम्मानं दोन्ही हातांनी त्याचा पट्टा धरला. तेवढ्यात घराच्या कोपऱ्यावरनं कोंडाबाई आली, हातात कंदील, पण वात अगदी बारीक केलेली.

“धरू नका, अव्वा... सोडा त्याला.”

“माझं कुत्रं हाय ते.”

“मालक कुत्रंवाल्यांनाच घर का देते, काय वाटलं तुमाला? कुत्रं असलं की ते माणसाकडं बघत न्हाई.”

“ते म्हणजे... कोण?”

कोंडाबाईनं मान हलवली. नाव असतं तर तिनं सांगितलं असतं.

गुरम्मानं पट्टा सोडला नाही. तिची बोटं सोलली, गुडघे पायरीवर आपटले. गोलूनंच मान आक्रसून डोकं काढून घेतलं. धनी गावाहून आल्यावर धावायचा तसाच आनंदानं धावत उतार उतरला. पानं वाजत गेली, वाजत गेली... मग गोलूची चारी पावलं थांबली. भुंकला नाही, केकाटला नाही. त्यापुढं खाली खाली जाताना वाजली ती फक्त दोन पावलं.

उजाडल्यावर शिवकुमारनं रान पालथं घातलं, हाका मारून घसा फोडून घेतला. उतारावर पानं होती तशी होती, कुणी पाऊल न टाकल्यासारखी. निघताना कोंडाबाई किल्ली घ्यायला आली. गुरम्मानं मोकळा पट्टा पोटाशी धरला होता.

“घेतलं की त्यानं, कोंडाबाई. आता तर झालं ना?”

कोंडाबाईनं किल्ली पदराच्या गाठीला बांधली. “बिनबोलावता येते तवा कुत्र्यावर भागते त्याचं,” ती म्हणाली. “तुमी तर जेवाया बोलावलं, अव्वा.”

“मग आता मी काय करू?”

“मला काय ठावं? आमी कधी बोलावलंच न्हाई.”

उदगीरला आल्यावर गुरम्मा दिवस कलला की मागचं दार लावायची. पुढच्या अमावास्येला तिनं नैवेद्य केला नाही, दारात रांगोळी घातली नाही, शेजारणीलासुद्धा ‘ये’ म्हटलं नाही. तिन्हीसांजेला शिवकुमार दुकानातनं आला, पाय धुऊन ताटावर बसला. अंजूनं भाकरी वाढली. त्यानं घास मोडला, तोंडाजवळ नेला आणि परत ताटात ठेवला.

“काय झालं रे?”

त्याचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. तो बंद दाराकडं बघून हसत होता, लहानपणी अप्पा बाजारातनं आले की हसायचा तसा.

“आलो, अप्पा,” तो म्हणाला आणि उठला.

गुरम्मानं दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं आणि जिवाचा कान करून ऐकलं. अंजूची भाकरी तव्यावर करपत होती. बाकी कुठंच काही आवाज नव्हता.