चौतीस नंबरचं डोकं

"अंगावरचं सगळं सोनं काढून या ट्रेमध्ये ठेवा," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. निळा प्लॅस्टिकचा ट्रे पुढे धरून उभा होता, चेहरा पूजा सांगायला आल्यासारखा गंभीर.

"आमच्या कोळ्यांत मुलगा पुढे येतो तो सोनं घालायला," मी म्हटलं. "काढून घेणारे तुम्ही पहिलेच!"

तो कानापर्यंत लाल झाला. "नाही... म्हणजे... मशीनमध्ये मोठं चुंबक असतं. केसांत पिना आहेत का?"

"आहेत ना. मोजायला थांबणार?"

"थांबतो की—" तो बोलून गेला, आणि आपण काय बोललो ते कळल्यावर आणखी लाल झाला.

हा कुंदन. राहायचा विचुंब्याला, आणि पनवेलच्या एका स्कॅन सेंटरमध्ये मेंदूच्या संशोधनाचं काम बघायचा. मी किशोरी. घर करंज्याला, नोकरी पनवेलात, चष्म्याच्या दुकानात. दोन हजार तेराचा ऑक्टोबर होता, आणि मी खरं तर माझ्या मोठ्या भावाला, जगनला, डॉक्टरांकडे घेऊन आले होते. जगन बोटीवर जाणारा गडी. अचानक त्याला कोणी नसताना आवाज ऐकू यायला लागले. गोळ्यांनी आवाज कमी झाले, पण बोट सुटली ती सुटलीच. आता अंगणात बसून जाळी सांधायचा. डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटचे आणि त्यांच्या सख्ख्या भावंडांचे मेंदू आम्ही तपासतोय, तुम्हीही तपासू द्याल का? जगनच्या उपयोगी पडेल असं वाटून मी हो म्हटलं.

"आत काय करायचं?" मी कुंदनला विचारलं.

"काहीच नाही. डोळे उघडे ठेवून शांत पडून राहायचं. मनात येईल ते येऊ द्यायचं."

"नुसतं पडून? घरी अशी पडले तर आई मासळीची पाटी डोक्यावर ओतेल माझ्या!"

"आत गेल्यावर हसू नका हं... डोकं हललं की फोटो बिघडतो."

मशीन धडाधड वाजत होतं आणि मी ओठ चावून हसू दाबत होते. मनात येईल ते येऊ द्या म्हणाला होता. आला तो नेमका तोच.

पुढच्याच आठवड्यात स्वारी आमच्या दुकानात हजर. काच पुसायचं फडकं हवं होतं म्हणे.

"चष्मा कुठाय?"

"चष्मा... नाहीये मला."

"मग पुसणार काय?"

"ते घरी गेल्यावर ठरवतो," तो म्हणाला. त्यानंतर त्याने इतकी फडकी नेली की आमचे शेठही हसायला लागले.

मग वडाळे तलावाच्या काठी आमच्या संध्याकाळी सुरू झाल्या. अशाच एका संध्याकाळी मी त्याला ते विचारलं. आधी कधी कुणाला विचारलं नव्हतं. आईला विचारलं असतं तर तिने आधी माझी दृष्ट काढली असती.

"कुंदन... मलाही होईल का रे जगनसारखं?"

त्याने थट्टेवर नेलं नाही. नीट माझ्याकडे वळून बसला. "हे बघ, आपण नुसते पडून असलो तरी मेंदूचे भाग एकमेकांशी बोलत असतात. कोण कुणाशी किती बोलतं, हे प्रत्येकाचं वेगळं. त्यातलं काही जीन्समधून येतं, घराण्यातून. बाकीचं आपण जसे जगतो त्यातून. भावाला आहे म्हणून बहिणीला होतंच असं नाही. दहातल्या साधारण नऊ जणांना होत नाही."

"आणि दहावी मी असले तर? फोटोत दिसेल ना?"

"नाही गं. एकट्याच्या फोटोवरून काही सांगताच येत नाही. शेकडो जणांची सरासरी काढावी तेव्हा कुठे अंधुक फरक दिसतो. तुझ्या फोटोवर तर नावही नाही. नुसता चौतीस नंबर." मग हळूच म्हणाला, "मला मात्र नाव माहितीये... आणि आवडतंही."

त्या दिवशी कित्येक महिन्यांनी माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. प्रेमात मी आधीच पडले होते, पण विश्वास बसला तो तेव्हा.

डिसेंबरात तो करंज्याला आला. आईने बोंबील तळले, आणि परक्या माणसासमोर तोंड न उघडणाऱ्या जगनने त्याला जाळ्याची गाठ कशी मारायची ते शिकवलं. कुंदनची गाठ प्रत्येक वेळी सुटायची, आणि जगन चक्क हसत होता. तो गेल्यावर आई म्हणाली, "पोऱ्या बरा हाय गो. पन जगनचा कलल्यावर त्याची आय हो बोलंल?"

त्याच्या आईने, शोभाताईंनी, आधी पत्रिका मागितली. माझी पत्रिकाच नव्हती. "मी नाही मानत पत्रिकाबित्रिका," कुंदन म्हणाला, तेव्हा करंज्याच्या बंदरावर मासळीच्या लिलावाला जमलेल्या सगळ्या बायांसमोर मी त्याचा हात धरला.

आणि जानेवारीत तो पेढे घेऊनच तलावावर आला. "आई तयार झाली!"

"खरंच? जगनचं सांगितलंस?"

"तिथेच तर अडलं होतं. मग मी सांगितलं तिला, किशोरीचा मेंदू मी स्वतः बघितलाय. जगनच्या शेजारी ठेवून, एकेक जोडणी ताडून. अजिबात तसा नाहीये!"

तो इतका आनंदात होता की पेढा माझ्या तोंडापर्यंत आणलाच होता त्याने. मी त्याचा हात बाजूला केला.

"तूच म्हणालास ना, एकट्याच्या फोटोवरून काही कळत नाही?"

"नाहीच कळत. आईला बरं वाटावं म्हणून गं..."

"आईला तर न बघताही सांगता आलं असतं. तू फोटो उघडून बघितलास, मला न विचारता. तुला बरं वाटावं म्हणून."

त्याने पेढा परत पुड्यात ठेवला.

"आणि जगनसारखा निघाला असता तर?"

त्याने तोंड उघडलं... आणि मिटलं. मी थांबले. पलीकडे शेंगावाला पुड्या बांधत होता. त्याची दोन-तीन गिऱ्हाइकं येऊन गेली तरी कुंदन खाली मान घालून बसलेला. माझा जीव ओरडत होता, बोल रे, काहीतरी बोल...

"लग्नानंतर मी कधी रात्री दचकून उठले, कधी एकटीच पुटपुटले," शेवटी मीच म्हणाले, "तर तू बायकोकडे बघणार की चौतीस नंबरकडे?"

"किशोरी, असं नको ना बोलूस—"

"लग्न नाही करायचं मला, कुंदन."

घरी आले तर आई दारातच. "काय झाला गो? नाय बोलला काय तो?"

"मीच नाय बोलले," मी म्हटलं. अंगणात जगन जाळं सांधत होता. त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि पोटभर रडले.

आठवड्याने त्याचा मेसेज आला. 'तसा असता तरी मी तुझ्याशीच लग्न केलं असतं.'

परत परत वाचला मी तो. हेच ऐकायचं होतं मला. आणि ते खोटंही नसणार. कुंदनला खोटं बोलता येत नाही, येत असतं तर तो तलावावर गप्प बसलाच नसता. अजूनही आवडतो तो मला, त्याला काय करणार! पण त्याने हे आठवडाभर विचार करून लिहिलं होतं, आणि मला ते विचार न करता हवं होतं.

मी उत्तर दिलं नाही.