माळावरच्या सात मेखा

"अट पहिली?"

"हॉर्न ऐकू येता कामा नये!"

"दुसरी?"

"मोबाइलचा टॉवर दिसता कामा नये!"

"तिसरी?"

"तंबूच्या दारातून पाणी दिसलं पाहिजे. आणि ताई, चौथी अट मी आत्ताच घातली आहे. चढणाऱ्याच्या पोटात काहीतरी असलं पाहिजे!" सत्यम धापा टाकत म्हणाला.

संस्कृतीने मागे वळूनही पाहिले नाही. पाठीवर तंबूची पिशवी आणि हातात वही घेऊन ती माळ चढत होती. शहरात, गारखेड्यातल्या तिच्या घराशेजारी मंगल कार्यालय होते. सहामाहीचा सगळा अभ्यास तिने दांडियाच्या डीजेवर केला होता आणि त्या काळातच तंबूच्या जागेसाठी ही यादी तयार झाली होती. तेरा वर्षांच्या मुलीला शांतता हवी असते, हे मोठ्यांना पटत नाही. त्यांच्या मते मुलांना हवी असते ती फक्त सुट्टी.

दिवाळीच्या सुट्टीत भावंडे पिशोरजवळच्या वाडीत काकांकडे आली होती. आतापर्यंत दोन जागा बाद झाल्या होत्या. पहिल्या जागेच्या जाहिरातीत 'ताऱ्यांखाली मुक्काम' असे लिहिले होते. तिथे तारे होते खरे, पण विजेच्या माळांचे! दुसऱ्या जागी तळ्याकाठी बाटल्यांच्या काचा इतक्या होत्या की तंबूला पायताण घालावे लागले असते. तिसरी जागा सृष्टीने सुचवली होती.

सृष्टी वाडीतल्या सोनाजी मेंढपाळांची नात. संस्कृतीच्याच वयाची, पण माळावर चालायची वाऱ्यासारखी. "वर चला तर खरं!" ती म्हणाली होती. "असा माळ हाय, की मेंढरू रवंथ करतं ते बी ऐकू येतं!"

टेकाड संपले आणि सृष्टी एकाएकी थांबली.

समोर काटेरी तार होती. तारेला करकरीत पाटी टांगली होती: 'निवांत टेंट व्हिलेज. येथे शांतता राहते. प्रवेश बंद.' पाटीमागे एका टेम्पोतून माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर उतरत होते.

"शांतता राहते म्हणे," संस्कृती थंडपणे म्हणाली. "भाड्याने राहत असेल!"

सत्यमने पाटीला बोट लावले. बोट हिरवे झाले. "ताई, रंग अजून ओला आहे!"

सृष्टीचे लक्ष दुसरीकडेच होते. तारेच्या अलीकडे ऐंशी मेंढ्या माना खाली घालून उभ्या होत्या. उतारावरचा पाझर तलाव त्यांना दिसत होता, पण मध्ये तार होती. काठीला रेलून सोनाजी उभे होते.

"आबा, पाणी पाजलं नाय?"

"कसं पाजू? ही वाट गेली. दुसरं पाणी दोन कोसांवर." सोनाजी शांतपणे म्हणाले. "उद्या सभेत कागद झाला, की घाट उतरून खानदेशात जायाचं. तुलाबी यावं लागंल, पोरी. माझ्या एकट्याच्यानं कळप आवरत नाय आता."

"अन् माझी शाळा?"

सोनाजींनी तारेत घुसू पाहणाऱ्या एका कोकराला काठीने मागे सारले. संस्कृतीने वही मिटली. तंबूची जागा शोधायला आलेली मुले आता वेगळ्याच शोधाला लागली होती.

तेवढ्यात पांढरेशुभ्र बूट घातलेले एक गृहस्थ लगबगीने आले. "वा वा! शहरातली मुलं! मी राजकुमार, या प्रकल्पाचा मालक. तुमचा एक फोटो हवाय जाहिरातीसाठी. तू सरपंच काकासाहेबांची पुतणी ना? उद्या तेच आमच्या ठरावावर सही करणार आहेत!"

"कसला ठराव?"

"या गायरानाचा. ओसाड पडलंय बघ. बारा वर्षांत या माळावर कुणी पाऊल ठेवलेलं नाही!"

"आन् आम्ही काय हवेत तरंगत व्हतो?" सृष्टी कडाडली. "दरसाल पिकं उभी असत्यात तवा आमचा मेंढरांचा वाडा ह्याच माळावर बसतो!"

"मेंढपाळ काय, आज इथे, उद्या तिथे." राजकुमार हसले. "कागद आहे का? नाही ना? मग झालं तर!"

संस्कृतीच्या कपाळावर एकही आठी पडली नाही. तिला राग आला, की ती अधिकच नम्र होत असे. सत्यमला हे ठाऊक असल्याने तो दोन पावले मागे सरकला.

"फोटो जरूर काढा, काका," ती गोड आवाजात म्हणाली. "पण तंबू आम्हीच उभारणार. जागाही आम्हीच निवडणार."

"अगदी! बाळांनो, जागाच जागा आहे!"

तारेच्या आत पाऊल टाकताच काम सुरू झाले. तंबूला सात मेखा होत्या. सत्यमने पहिली मेख जमिनीवर धरून दगडाने ठोकली. ठण्! मेख वाकली. दुसरी ठोकली, तीही वाकली. माळ म्हणजे निव्वळ मुरूम!

"तिथं नगं," सृष्टी म्हणाली. "लिंबापाशी ये."

कडुलिंबाच्या झाडापासून काही पावलांवर तिने टाच आपटली. सत्यमने मेख टेकवली आणि एकच ठोका दिला. मेख लोण्यात सुरी शिरावी तशी आत गेली!

"जादू!"

"जादू कशाची? लेंडी हाय ती!" सृष्टी खो खो हसली. "रातभर मेंढरं बसत्यात, खत पडतं, त्यांच्या खुरांनी मुरूम फुटतो. शेतकरी त्यासाठी आमाला धान्य देऊन शेतात बसवतो. माळाला मातर आमी फुकटच दिलंय!"

संस्कृतीने मेखेच्या भोवतालची माती उकरली. वर गवत, त्याखाली वीतभर काळीभोर माती, आणि मग पिवळा मुरूम. तिने हात लांब करून पलीकडे उकरले. तिथे नुसता मुरूम!

"सृष्टी," ती हळूच म्हणाली, "वाडा दरवर्षी याच जागी बसतो?"

"छ्या! एका जागी दोन सालं बसवलं, तर खुरं सडत्यात. दरसाल जागा हलवायची. आबाला सगळ्या जागा तोंडपाठ हायेत."

"सगळ्या?" संस्कृतीच्या डोळ्यांत चमक आली. "राजकुमार काका, काढा फोटो! आम्ही फार आनंदात आहोत!"

संध्याकाळी काकासाहेब ओसरीवर चहा घेत होते. संस्कृतीने सगळी हकीकत सांगितली. काकासाहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. समोर आलेला कागद वाचण्याचा त्यांना फक्त आळस होता, आणि एवढ्या आळसाने गावेच्या गावे विकली जातात.

"अगं बाई, सोनाजी खरं बोलत असंल. पण लेखी काय हाय? राजकुमारशेठ गावातल्या धा पोरांना काम देनार हायेत."

"तुम्ही माळावर शेवटचे कधी गेला होता, काका?"

काकासाहेबांनी बशीत फुंकर मारली. उत्तर मनकर्णा काकूंनी आतून दिले. "सरपंच झाल्यापास्नं नाय! गुडघा दुखतो म्हनत्यात. सही करताना नाय दुखत!"

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पंचायतीसमोर ग्रामसभा भरली. पुढच्या खुर्चीत राजकुमार बसले होते. काकासाहेबांनी पेनाचे टोपण काढले आणि मागून आवाज आला, "थांबा, काका!"

"ए पोरी! लहान मुलांनी सभेत बोलू नये!" कोणीतरी ओरडले.

"बोलत नाही. वाचते." संस्कृती पुढे आली. "वाचायला वयाची अट नसते. मोठ्यांना ती असते की काय, मला माहीत नाही. या कागदावर तुम्हा सगळ्यांच्या नावाने काय लिहिलं आहे, ते कोणी वाचलं आहे?"

तिने कागद उचलला आणि ठणठणीत आवाजात वाचला: "'सदर गायरान गेली बारा वर्षे चराई, मुक्काम अथवा अन्य कोणत्याही कारणासाठी वापरात नाही.' हे खरं असेल, तर काकांनी जरूर सही करावी. खोटं असेल, तर ते माळच सांगेल. सभा अर्ध्या तासासाठी माळावर न्या. माझ्याकडे सात मेखा आहेत, दोन सरळ करून आणल्या आहेत. आणखी काही नको."

"पोरखेळ!" राजकुमार उसळले.

"मग भिता कशाला?" पहिल्या रांगेतून द्वारकाबाई म्हणाल्या आणि लुगडे सावरत उठल्याच. त्या उठल्यावर बायका उठल्या, बायका उठल्यावर पुरुषांना बसून राहणे अवघड झाले!

माळावर सोनाजींना तारेबाहेरच बसवले, तेही माळाकडे पाठ करून. हातोडी संस्कृतीने काकांच्या हातात दिली. "ठोकणार तुम्ही. नंतर कोणी म्हणायला नको, की पोरांनी लबाडी केली."

"आबा," सृष्टीने हाक दिली, "मी पहिलीत गेले, त्या साली वाडा कुठं व्हता?"

"लिंबाच्या उगवतीला, वीस पावलं!"

सत्यमने वीस पावले मोजली. काकासाहेबांनी मेख टेकवून ठोका दिला. मेख डोक्यापर्यंत आत! लोक पुढे सरकले.

"तुझी आजी गेली त्या साली त्याच्या खाली, दोन मोठ्या दगडांमदी. चुलीचे तीन धोंडे अजून तिथंच असतील!"

मेख आत गेली. सत्यमने गवत बाजूला केले. काळवंडलेले तीन धोंडे जागेवर होते! तिसरी मेख आत गेली, मग चौथी, मग पाचवी. सोनाजी वळून पाहत नव्हते. घरातल्या सुखदुःखांची साले ते एकेक करून सांगत होते, आणि प्रत्येक साल जमिनीतून काळ्या मातीचे निघत होते.

"तुक्का आहे हा!" राजकुमार लाल झाले. "सगळा माळच मऊ असेल! मी ठोकतो, मला वाटेल तिथे!" त्यांनी हातोडी हिसकावली आणि सहावी मेख प्रकल्पासाठी आणलेल्या पाण्याच्या टाकीजवळ टेकवली.

"कुठं ठोकतोय त्यो?" सोनाजींनी विचारले.

"टाकीच्या डाव्या अंगाला, आबा!"

"नगं म्हनावं. वाकंल."

ठण्! मेख गळासारखी वाकली. राजकुमारांनी सातवी घेतली, चार पावले सरकून ठोकली. तीही वाकली! माळावर असा हशा पिकला, की तारेपलीकडच्या मेंढ्यांनी माना वर केल्या.

"अवं, मी दरसाल ह्या माळावरनं दोन पाट्या खत नेते परसाला!" द्वारकाबाई म्हणाल्या.

"मग आजवर बोललात का नाही?" संस्कृतीने विचारले.

"इचारलं कुणी, बाई?"

काकासाहेब बराच वेळ खाली वाकून काळी माती बोटांनी चाचपत राहिले. मग त्यांनी कागद मागवला, 'वापरात नाही' या शब्दांवर आडवी रेघ मारली आणि वर स्वतःच्या हाताने लिहिले: 'वापरात आहे. पाहिले.' खाली सही केली. या वेळी वाचून!

"ठराव नामंजूर. तार आत्ताच्या आत्ता काढा, राजकुमारशेठ."

"पण मी तर गावाचं भलं... तंबू लावले तर जमिनीचं काय बिघडतं?"

सोनाजी उठले आणि प्रथमच माळाकडे वळले. "आमची मेंढरं बसली, की जमीन सुधारती. तुमची मानसं बसून उठली, की काय व्हतं, शेठ?"

राजकुमारांनी पांढऱ्या बुटांवरची माती झटकली आणि तार सोडायला माणसे बोलावली.

तार निघाली. ऐंशी मेंढ्या धुरळा उडवीत तलावाकडे धावल्या. सृष्टी त्यांच्यामागून ओरडत धावली आणि संस्कृतीला तिचे हसू टेकाडावरूनही ऐकू आले.

"शाब्बास, पोरींनो!" काकासाहेब गुडघा चोळत म्हणाले. "माझ्या गावचा माळ मला तुमी दाखवला. आजपास्नं न वाचता सही करनार नाय!"

"आन् सत्यम?" मनकर्णा काकू म्हणाल्या. "त्यानं पावलं बरोबर मोजली नसती तर?"

"आणि तेही उपाशीपोटी!" सत्यमने लगेच सांगितले.

सोनाजींनी संस्कृतीच्या डोक्यावर हात ठेवला. "आज तुमचा तंबू आमच्या वाड्याशेजारी. जागा मी दावतो. मेख वाकनार नाय."

तंबू उभा राहिला. दारातून पाणी दिसत होते. हॉर्न नव्हता, टॉवर नव्हता. तलावावरून परतलेल्या मेंढ्यांचा रवंथ तेवढा ऐकू येत होता. संस्कृतीने वही उघडली आणि यादीत भर घातली: 'पाचवी अट. आपण उठून गेल्यावर जागा होती त्याहून बरी राहिली पाहिजे.'

"ताई, ही अट फार कठीण आहे," सत्यम वाचून म्हणाला.

"म्हणून तर लिहिली."

घाईत निसटलेली हिरवी पाटी गवतात उताणी पडली होती. एक कोकरू तिच्यावर चढले, 'प्रवेश बंद' या अक्षरांवर उभे राहिले आणि निवांतपणे लेंड्या टाकून निघून गेले.

"घ्या!" सृष्टी म्हणाली. "त्याची बी सही झाली!"